ओल्या सुताने काढलेलं पान

लालबाग,
शनिवार, ता. २ जून १९५६

प्रिय दत्ताराम,

कुणालाही लिहायचं असो, वर 'प्रिय' घालायचं हा नानांचा नियम होता. गावच्या खोताला चार शिव्या लिहून द्या म्हणून कुणी आलं तरी नाना आधी 'प्रिय' लिहीत आणि मग लेखणी वर करून म्हणत, हं, आता सांग, मेल्याला काय सांगायचंय. त्यांच्यामागे वीस वर्षं लोकांची पत्रं लिहून देताना मीही तेच करत आले. तेव्हा वरच्या शब्दाचा तू काही अर्थ काढू नकोस. तो शब्द नानांचा आहे, माझा नाही.

फेब्रुवारीत मी दोनदा दादरला तुझ्या नव्या घरी आले होते. पहिल्यांदा चंपाने दार अर्धंच उघडून सांगितलं, ते बाहेर गेलेत, वन्सं. तुझ्या चपला तिच्या पायाशीच होत्या. दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही. आतून आईचा खोकला मात्र ऐकू आला, आणि तो दाबायला कुणीतरी तिला पाणी दिलं तेही कळलं. मी जिन्यावर थोडा वेळ बसले आणि उतरले. चंपाला मी दोष देत नाही. नवऱ्याने पढवलेलं बोलताना तिची मान खाली होती, एवढं माझ्यासाठी पुष्कळ झालं. तुझी मान कशी होती ते मला दिसलं नाही.

गिरगावच्या माधवरावांचा सल्ला घेऊन हे लिहिते आहे. सॉलिसिटरच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. ते म्हणाले, बाई, असं पत्र लिहिताना समोरच्याला काहीच ठाऊक नाही असं धरून पहिल्यापासून लिहा. मला ते पटलं. तुला काही ठाऊक नाही असं तू स्वतःच धरून चालला आहेस, मग मीही धरते.

तर पहिल्यापासून. आपल्या वडिलांनी, नानांनी, पत्त्यांची वही धरली तेव्हा तू पाळण्यात होतास. गावचे पुरुष गिरणीत यायचे आणि गावाने भाड्याने घेतलेल्या खोलीत राहायचे. एका खोलीत तीस जण. दहा कामावर, दहा झोपलेले, दहा उंबऱ्याबाहेर गप्पा मारत. अशा माणसाचा पत्ता म्हणजे नुसता चाळीचा नंबर नव्हे. बोटीने फणस आला, सुकट आली, आईने पाठवलेलं औषधाचं मूळ आलं, तर ते त्या माणसाच्या हातात पडेपर्यंत कुजायचं किंवा दुसऱ्याच्या पोटात जायचं. म्हणून नानांनी वही केली. नाव, गावातली वाडी, खोली, गिरणी, खातं. नाना गेल्यावर ग्रामस्थ मंडळाने वही माझ्याकडे दिली आणि वहीबरोबर ही कोपऱ्यातली खोलीही मला राहायला दिली. विधवा बाईला लालबागेत डोक्यावर छप्पर मिळालं ते त्या वहीमुळे, हे मी कधी विसरले नाही.

वहीतलं शेवटचं सदर मात्र नानांचं नाही, माझं. 'केव्हा सापडेल.' पाळी कोणती, झोपतो केव्हा, जेवायला कोणाच्या खानावळीत बसतो, रविवारी कुठल्या भजनाला जातो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिंचपोकळीपासून नायगावपर्यंत खोल्यांतून फिरायची आणि बदल टिपायची. लोक थट्टा करायचे. आली गो चित्रगुप्ताची बहीण, म्हणायचे. पण सांगायचे सगळं. आपल्या माणसाने विचारलं की माणूस सांगतो, आणि मी आपली होते. त्या सदराचा मला फार अभिमान होता, दत्तू. आता तो कसा झोंबतो ते पुढे लिहीन.

एक्कावन्न साली तू चिंचपोकळीला पार्सल एजन्सी काढलीस. धक्क्यावरून माल उचलायचा आणि खोल्यांतून पोचवायचा. हातगाड्या होत्या, वजनकाटा होता, पाटी रंगवून झाली होती. नव्हतं ते एकच, माणूस कुठे सापडेल याचं ज्ञान. तू आईला पुढे करून आलास. आई म्हणाली, दे गो बकुळे, भावाक नाय म्हणू नको. मी नाही म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, वापरायला देते, पण कागद करू. ही माहिती माझी एकटीची नाही, हजार-बाराशे माणसांनी विश्वासाने सांगितलेली आहे. तेव्हा तू चाळीच्या गॅलरीत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलास. म्हणालास, "अरे, आमच्या ताईला भावाचा कागद पायजे! भाऊबिजेला ओवाळशील तेव्हा ओवाळणीचीही पावती फाडशील काय गं?" लोक हसले. मीही हसले. पण कागद केला.

दोन महिने दुपारच्या वेळी बसून मी तुझ्यासाठी सगळी वही उतरवून काढली. पहिल्या पानावर ठळक लिहिलं, ही वही बकुळाबाईंची आहे, दत्ताराम यांस त्यांच्या एजन्सीपुरती वापरण्यास दिली आहे, मालकीने नव्हे. माधवरावांनी कागदाचा मसुदा केला. तू नक्कल करू द्यायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, धंदा बंद केलास तर वही परत करायची. मी दर महिन्याचे बदल तुला कळवायचे. त्याबदल्यात म्हाताऱ्या, निराधार बायांची पार्सलं तू फुकट पोचवायची. त्यात माधवरावांनी आणखी दोन शब्द घातले होते, 'विकू नये.' ते वाचून तुझा चेहरा उतरला. तू म्हणालास, "मी तुझी वही विकीन, ताई?" आवाज खरोखर कापरा होता. भाऊबीज चार दिवसांवर आली होती. मला माझीच लाज वाटली आणि मी माझ्या हाताने ते दोन शब्द खोडले, शेजारी सही केली. माधवराव चष्म्यातून बघत राहिले. बाई, म्हणाले, जो शब्द भिडेपोटी खोडतात तोच पुढे शोधावा लागतो. त्यांना मी त्या दिवशी मनात खडूस म्हटलं.

चार वर्षं तू धंदा चांगला केलास. हे मी नाकारत नाही. गावाहून राधाकाकीने लेकाला, लवूला, पाठवलेली कुळथाच्या पिठीची पिशवी कधी फाटली नाही, कधी हरवली नाही. मागच्या दिवाळीत तू एजन्सी विकलीस आणि दादरला गेलास. मला कळलं ते पाटी बदलल्यावर. मी वही मागायला निरोप धाडला. तुझं उत्तर आलं, वही दुकानात आहे, दुकान आता त्यांचं आहे, त्यांना विचार. मी नव्या मालकाकडे गेले, तर तो म्हणाला, विक्रीच्या कागदात कपाटं, काटा, गाड्या आणि सर्व वह्या असं लिहिलंय, बाई, तुमचं काय राहिलं त्यात? मी परत आले. वाटलं, असू दे, तोही पार्सलंच पोचवणार आहे. ही माझी चूक. मी तिथेच बसून राहायला हवं होतं.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि आपल्या खोल्या पेटून उठल्या. पुढचं तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. मी उंबऱ्यातून पाहिलं. मागाहून कळलं ते असं, साध्या वेशातली पोलिसांची दोन माणसं तुझ्या जुन्या दुकानात गेली, त्यांनी वही मागितली, नव्या मालकाने दिली. मग धरपकड सुरू झाली. एरवी पोलीस गावच्या खोलीवर आले की कुणी कामावर असायचं, कुणी धक्क्यावर, सापडायचं कुणीच नाही. या वेळी ते माणसागणिक वेळ साधून आले. दिवसपाळीचा शिवा खानावळीत पहिला घास घेताना उचलला. भजनाची माणसं भजनातून नेली. तीन दिवसांत अकरा जण.

लवूचं तुला सांगते. तो रात्रपाळीचा, सकाळी झोपलेला. समोरच्या खोलीत कमळाबाईंची खानावळ, त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. हवालदाराने दारात उभं राहून खिशातला कागद काढला आणि मोठ्याने वाचला: "पाठीचं दुखणं आहे, दहाच्या आत उठवू नये, पार्सल कमळाबाईंकडे ठेवावं." मग मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाला, "नऊ वाजलेत. ऊठ." ते शब्द माझे होते, दत्तू. त्याच्या पाठीला मी स्वतः निर्गुंडीचा शेक सांगितला होता म्हणून ते मला माहीत होतं. कमळाबाईंनी ते शब्द ओळखले. दहापर्यंत गल्लीने ओळखले.

त्या दिवसापासून माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला कुणी आलं नाही. नळावर मी गेले की बायका हंडे अर्धे ठेवून निघून जातात. गॅलरीत कुणी बोलत असेल आणि मी बाहेर आले तर कुणीतरी हटकून म्हणतं, हळू बोला, लिहून घेईल. सगळ्यांत वाईट याचं वाटतं की यात खोटं काही नाही. मी लिहूनच घेतलं होतं. मी एकेका माणसाची झोप टिपली होती, प्रेमाने टिपली होती, पण ज्याच्या हातात ती वही पडली त्याला प्रेम वाचता येत नव्हतं, वेळ वाचता येत होती.

आणि तरी हे सगळं मी तुला माफ केलं असतं, एक गोष्ट सोडून. फेब्रुवारीत लवूच्या नावाने गावाहून तार आली. खोलीतल्या सगळ्यांच्या तारा माझ्या पत्त्यावर येतात हे तुला माहीत आहे. त्याची आई, राधाकाकी, गेल्या होत्या. मी ती तार घेऊन खोलीवर गेले आणि विचारलं, लवू कोणत्या तुरुंगात आहे? सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक म्हातारा म्हणाला, "तुका सांगून काय करू, बाये? परत लिवशीत." मी तार वाचून दाखवली. त्यांना वाटलं ही नवी युक्ती आहे. नऊ दिवस मी ती तार पदरात बांधून हिंडले. ज्या बाईला बाराशे माणसांचा ठावठिकाणा तोंडपाठ होता, तिला एका माणसाचा ठिकाणा मिळेना. दहाव्या दिवशी कमळाबाई माझ्याकडे पाठ करून, भिंतीशी बोलावं तशा म्हणाल्या, "ठाण्याक आसा तो." माझं पत्र त्याला पोचलं तेव्हा त्याच्या आईचं तेरावं होऊन गेलं होतं. तो एकुलता एक.

मे महिन्यात तो सुटून आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "ती तार दी." दिली. घडी करून त्याने खिशात ठेवली. मग म्हणाला, "वहीत माझा नाव आसा मां अजून? ता काढून टाक." मी लेखणी त्याच्यापुढे धरली. त्याला लिहिता येत नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते ओळखतो. त्याने ते सावकाश, कागद फाटेपर्यंत खोडलं. मग त्याने मला नमस्कार केला. दत्तू, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता तुझ्या बाजूचं. तुझी बाजू मला आईच्या निरोपातून आणि इकडच्या तिकडच्या बोलण्यातून कळली आहे, आणि ती हुशारीची आहे. तू म्हणतोस, मी वही विकली नाही, दुकान विकलं, वही दुकानात होती. तू म्हणतोस, धंदा बंद केला असता तर वही परत देणं आलं असतं. धंदा चालू आहे, मालक तेवढा बदलला. तू म्हणतोस, कागदात 'विकू नये' हे शब्द होते ते ताईनेच खोडले, म्हणजे विकायला तिची ना नव्हती. हे तिसरं ऐकल्यावर मी एक दिवस जेवले नाही. मी ज्या भिडेने ते शब्द खोडले ती भीड तू जपून ठेवलीस, चार वर्षं, आणि वेळ आल्यावर माझ्याच अंगावर काढलीस.

मी कागद घेऊन माधवरावांकडे गेले. वाटलं होतं ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. वापरायची परवानगी ही माणसाला दिलेली असते, बाई, त्याच्या दुकानाला नव्हे. मंडळाने उत्सवाला भाड्याने पखवाज आणला आणि पुढे मांडवाचं सामान विकलं, तर त्यात पखवाजही गेला असं होतं का? ज्याचं आपलं नाही ते आपल्याला विकता येत नाही, मग कागदात विकू नये लिहा की लिहू नका. पण, म्हणाले, तुमचा भाऊ म्हणेल मला तसं वाटलं नाही, माझी समजूत वेगळी होती. नवा मालक म्हणेल दुकान घेताना मला कुणी सांगितलंच नाही. समजुतीचं भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चालतं. तुमच्या भावाला ठाऊक होतं, हे दाखवणारं काही आहे का?

त्या दिवशी नव्हतं. मार्चमध्ये मिळालं. लोकांनी नव्या मालकाच्या दुकानावर दगड टाकले, तेव्हा घाबरून तो स्वतः चाळीत आला आणि पोलिसांनी उतरवून घेऊन परत केलेली वही माझ्या पायाशी टाकली. घ्या तुमची बला, म्हणाला. मी त्याला विचारलं, पहिल्या पानावर माझं नाव होतं, मालकी माझी असं लिहिलं होतं, ते वाचूनही तुम्ही ती दुसऱ्याला कशी दिलीत? तो म्हणाला, "कसलं पहिलं पान? माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या पानापासूनच पत्ते सुरू होते, सगळ्यांत वर कुणा आबाजीचं नाव होतं. तुमचं नाव असतं तर मी त्यांना म्हटलं असतं, वही बाईंची आहे, बाईंकडे जा. मी कशाला मध्ये पडतो?" मी वही उघडली. पान नव्हतं.

तो मनुष्य गेल्यावर मी वही खिडकीशी धरली. पान फाडलेलं नव्हतं. कात्रीने किंवा पात्याने कापलेलंही नव्हतं. शिवणीत, अगदी खोल, मऊ केसाळ कडा होती, सरळ रेघेत. तुला आठवतं ना? नाना स्पिनिंग खात्यातून सुताची गुंडी आणायचे. सूत तोंडात ओलं करून वहीच्या घडीत ठेवायचं, वही मिटून तिच्यावर बसायचं, शंभर मोजायचे, मग सूत ओढायचं. पान आवाज न करता सुटतं, वही खिळखिळी होत नाही. पतंगाला कागद काढायला त्यांनी आपल्या दोघांना हे शिकवलं. तू मात्र पुढे मास्तरांच्या शेऱ्यांची पानं तशी काढायचास, आणि मी तुझ्या शेजारी बसून शंभर मोजायची. नानांना कधी पत्ता लागला नाही. ही युक्ती शिकलेली माणसं आज जगात दोन आहेत.

तुला ठाऊक होतं, दत्तू. शब्द खोडले म्हणून विकायची मुभा मिळाली असं तुला खरंच वाटलं असतं, तर तू ते पान राहू दिलं असतंस. पान काढलंस म्हणजे वही तुझी नाही हे तुला ठाऊक होतं. ते सूत तू घडीत घातलंस तेव्हा चंपा घरात होती का, आई कुठे होती, शंभर कुणी मोजले, हे मी किती वेळा मनात आणलं असेल. ते पान असतं तर ती दोन माणसं माझ्या दारात आली असती. मी वही दिली नसती असं छातीवर हात ठेवून म्हणायला मला आवडेल. पण मी त्या प्रसंगात नव्हते, तेव्हा म्हणत नाही. कदाचित भ्याले असते. कदाचित वही चुलीत घातली असती. काही झालं असतं तरी ते माझं झालं असतं. ती संधी तू ओल्या सुताने काढून घेतलीस.

आईचा निरोप मिळाला. चंपाच्या भावाबरोबर पाठवलास, तोंडी, म्हणजे कागद नको. 'बकुळेन तो कागद फाडून टाकूचो, माका सुखान मरू दे.' हा निरोप आईचा आहे यात मला शंका नाही. पण तो तिच्याकडून कुणी बोलवून घेतला यातही शंका नाही. तिला सांग, तिची आठवण येते. तिला सांग, ती पूर्वी सांडगे करायची ते मी यंदा केले, सगळे कडू झाले. कागदाबद्दल तिला काही सांगू नकोस. तिने त्यावर साक्षीचा अंगठा उठवला तेव्हा तिला तो वाचून दाखवणारा तूच होतास.

आता मूळ गोष्ट. काल मंडळाची पत्रिका हातात आली. रविवार, सतरा तारखेला सभा आहे. विषय पहिला: सुटून आलेल्या अकरा बांधवांचा सत्कार, हस्ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे दादर विभागातील कार्यकर्ते श्री. दत्ताराम. म्हणजे लवूच्या गळ्यात हार तू घालणार. विषय दुसरा: बकुळाबाईंकडून पत्त्यांची वही काढून घेऊन सभेसमक्ष जाळणे व त्यांच्याकडील खोली रिकामी करून घेणे. पत्रिका छापण्याआधी ती तुला दाखवली होती, असं ती लिहिणारा म्हणाला. म्हणजे दुसरा विषय वाचून तू पहिल्याला होकार दिलास.

मी चार महिने तोंड उघडलं नाही याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. काही अंशी आईसाठी, काही अंशी भीतीने. पण मुख्य कारण तू विसरलास. कागदाला पाचवं कलम आहे. माधवरावांनी विचारलं होतं, भांडण झालं तर काय? तू म्हणालास, "भांडण झालं तर ताई रडेल, मी जेवायला येईन, मिटलं!" मला मात्र नाना आणि काका आठवले, एका चाळीत अकरा वर्षं अबोला धरून राहिलेले. म्हणून मी ते कलम घालायला लावलं: वाद झाल्यास एकाने दुसऱ्यास पत्राने सर्व हकिकत कळवावी, आणि पंधरा दिवस वाट पाहावी; तोवर चारचौघांत बोलू नये. पत्र लिहायचं धैर्य मला होत नव्हतं, म्हणून बोलायचा हक्कही मला नव्हता. तू तुझी सगळी कलमं मोडलीस. मी माझं पाळते आहे. हे ते पत्र. पंधरा दिवस आजपासून, आणि पंधरावा दिवस सभेचा आहे. मी पत्रिका पाहूनच तारीख धरली. हार हातात घेण्याआधी उभा राहा आणि पान कुणी काढलं ते लवूच्या तोंडाकडे बघून सांग. सांगितलंस तर कागद माझ्या पेटीतून बाहेर येणार नाही, आणि वही मी स्वतः जाळीन. ती आता जाळण्याच्याच लायकीची आहे. नाही सांगितलंस तर कागद आणि पान काढलेली ती वही दोन्ही सभेपुढे ठेवीन. वाचून दाखवायचीही गरज पडणार नाही. समोर सगळी गिरणीतली माणसं असतील, कडेवरून बोट फिरवलं की त्यांना सूत कळेल. पत्र रजिस्टर केलं आहे. सोमवारी दार वाजलं की उघड. मी नसेन, पोस्टमन असेल.

पाचव्या कलमापुरती तरी तुझीच,
बकुळा